नाईट करून गेली तरी रविवार वसूल झाला (४ स्टार, पाचवा का नाही ते शेवटी)

मागच्या रविवारी ह्या आयोजकांचा जळगावचा क्लास केला, नर्सेससाठी कायदा आणि रजिस्ट्रेशन ह्या विषयाचा, सकाळी साडेनऊ ते पाच, फी ७०० रुपये, त्यात फाईल आणि जेवण. मी अमळनेरहून नाईट ड्युटी संपवून डायरेक्ट गेली, गाडी लेट, त्यामुळे पहिला अर्धा तास हुकला. ज्यांना प्रश्न पडलाय की नाईटनंतर जमतं का तर जमतं, पण चहा दोनदाच मिळतो, तिसरा बाहेर टपरीवर.

खरं सांगू तर मी पॉईंटसाठी गेली होती. दर ५ वर्षांनी नर्सिंग कौन्सिलकडे (जिथे आपलं नाव नोंदलेलं असतं) रजिस्ट्रेशनचं रिन्यूअल असतं आणि त्याला सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना करायच्या शिक्षणाचे, क्रेडिट म्हणजे पॉईंट लागतात, माझे कमी पडत होते. (ह्या क्लासला पॉईंट आहेत, पण कुठेही पैसे भरायच्या आधी कौन्सिलची मान्यता आहे का ते विचारून घ्या, नुसतं रंगीत सर्टिफिकेट कामाचं नाही.) आजपर्यंत जेवढे सीएनई केले त्यात स्लाईड वाचून दाखवतात आणि आपण मागे बसून मोबाईल बघतो. इथे मोबाईल बघायला वेळच मिळाला नाही.

शिकवणाऱ्या मॅडम आधी स्वतः वॉर्डला स्टाफ होत्या, नंतर वकिली केली, त्यामुळे त्यांना ओव्हर (शिफ्ट बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती देणं) म्हणजे काय, मामा-मावशी (वॉर्डबॉय आणि आया) म्हणजे कोण, नाईटला एका सिस्टरवर ४० पेशंट म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. पहिल्याच तासाला त्यांनी एक केस पेपर पडद्यावर लावला, नावं खोडलेली, आणि म्हणाल्या चुका शोधा. रात्रीच्या नोट्समध्ये दोनच ओळी होत्या. 'पेशंट कम्फर्टेबल. ऑर्डरप्रमाणे ट्रीटमेंट दिली.' सकाळी पेशंट सिरीयस. आम्ही साठ-सत्तर जणी गप्प, कारण हेच वाक्य आम्ही सगळ्या रोज लिहितो भो! मग त्यांनी दुसरा पेपर लावला, तशीच रात्र, पण त्यात ३.१० ला बीपी किती, ३.१५ ला डॉक्टरांना फोन, ३.२० ला परत फोन, उचलला नाही, ३.२५ ला दुसऱ्या डॉक्टरांना कळवलं, त्यांनी काय सांगितलं, सगळं वेळेसकट आणि खाली सही आणि पूर्ण नाव. मॅडम म्हणे की ही दुसरी सिस्टर चौकशीत दहा मिनिटांत मोकळी झाली आणि पहिलीला वर्षभर चकरा, काम दोघींनी सारखंच केलं असेल पण पहिलीकडे दाखवायला काही नव्हतं.

माझ्या शेजारी धुळ्याच्या एक रिटायरमेंटला आलेल्या सिस्टर होत्या, त्या दर पाच मिनिटाला मला कोपर मारून म्हणायच्या, "लिखी ठेव माय, लिखी ठेव."

नोट्समध्ये व्हाईटनर अजिबात नाही, चुकलं तर एक रेघ मारायची, खोडलेलं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही-तारीख. राहिलेली नोंद नंतर करायची असेल तर 'लेट एंट्री' असं लिहून आत्ताची वेळ टाकायची, मधल्या जागेत बारीक अक्षरात घुसवायची नाही. फोनवरची ऑर्डर असेल तर परत वाचून दाखवायची, कोणी दिली ते लिहायचं आणि राऊंडला सही घ्यायची. हे नर्सिंग कॉलेजला शिकवलेलंच असतं, फक्त वॉर्डला आल्यावर पंधरा दिवसांत आपण विसरतो.

आता माझी गोष्ट सांगते कारण तिच्यासाठीच मी हा रिव्ह्यू लिहितेय. दोन वर्षांपूर्वी मी एका प्रायव्हेट हॉस्पिटलला होती, नाव घेत नाही. नातेवाईकांनी बाहेरून इन्सुलिनची वायल (बाटली) आणली ती १०० ची, म्हणजे एका एमएलमध्ये १०० युनिट, आणि आमच्या ट्रॉलीत सिरिंज सगळ्या लाल टोपीच्या, म्हणजे एमएलला ४० युनिटवाल्या इन्सुलिनच्या. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं तर अर्धा एमएल होतो, म्हणजे २० च्या जागी ५० युनिट जातात, अडीच पट. मला हे रात्रीच दिसलं, मी नारिंगी टोपीची (१०० वाली) सिरिंज मागवून दिलं आणि सकाळी ओव्हर देताना तोंडी सांगितलं की लक्ष ठेवा. लिहिलं नाही. दोन दिवसांनी दुसऱ्या शिफ्टला तेच घडलं, शुगर ४८, पेशंट घामाने ओलाचिंब, नशिबाने वेळेवर ग्लुकोज दिलं आणि वाचला. पण ओव्हर बुकमध्ये माझा एक शब्द नाही, आणि वायल माझ्याच ड्युटीत आली म्हणून मेमो मला. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या माफीनामा लिहून दे, विषय संपेल. मी रात्री दोन वाजता रडत रडत 'माझ्याकडून चूक झाली, पुन्हा होणार नाही' लिहून दिलं. विषय संपला नाही, ते पत्रच पुढच्या चौकशीत माझ्यासमोर ठेवलं आणि माझं इन्क्रिमेंट गेलं.

त्या पत्राची झेरॉक्स मी क्लासला नेली होती. प्रश्नोत्तरात दाखवली, मॅडमनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "बाई, हा माफीनामा नाही, कबुलीजबाब आहे." मग त्यांनी फळ्यावर लिहून दाखवलं की नोटीस आली की करायचं काय. आधी ती मिळाल्याची तारीख टाकून पोच द्या. लगेच उत्तर देऊ नका, लेखी मुदत मागा. ज्या कागदांवरून आरोप केलाय त्यांच्या प्रती मागा. मग फक्त काय घडलं ते वेळेप्रमाणे लिहा, कोणावर ढकलू नका आणि 'चूक झाली' हा शब्द वकिलाला किंवा संघटनेला दाखवल्याशिवाय लिहू नका. आणि त्या रात्री ड्युटीला किती स्टाफ होता, किती पेशंट होते, ह्याचा ड्युटी चार्ट सोबत जोडा. हे कोणी मला दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर!

दुपारनंतर कायद्याचा भाग, तो थोडा कोरडा होता पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की एकाच घटनेवरून चार ठिकाणी चौकशी होऊ शकते आणि एकातून सुटलो म्हणजे सगळ्यातून सुटलो असं नाही. हॉस्पिटलची (सरकारी असाल तर १९७९ च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे विभागीय चौकशी), ग्राहक आयोग, पोलीस, आणि कौन्सिल. १९६६ च्या महाराष्ट्र नर्सेस कायद्याने आपलं नाव ज्या रजिस्टरात आहे तिथून ते काढायचा अधिकार फक्त कौन्सिलचा, मालक नोकरी घेऊ शकतो पण रजिस्ट्रेशन नाही. मला आजवर वाटायचं डॉक्टर साहेब चिडले की आपलं लायसन्स गेलं, ते तसं नसतं. आता नर्सिंगचा २०२३ चा नवीन राष्ट्रीय कायदाही आलाय, त्यात प्रत्येक राज्याचा आयोग असणार, ते मॅडमनी धावतं सांगितलं. नवीन भारतीय न्याय संहितेचं (आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम १०६ मात्र दोनदा वाचून घेतलं. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, रजिस्टर्ड डॉक्टरकडून उपचार करताना झाला तर २, आणि ती सवलत नर्सला दिलेली नाही. हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू येत होता. २०२१ मध्ये नगरच्या सिव्हिलला आग लागून ११ पेशंट गेले तेव्हा डॉक्टरसोबत तीन नर्सेसनाही अटक झाली होती, ते सगळ्यांना आठवलं असणार.

नंदुरबार-नवापूरकडच्या मुलींसाठी खास, सुरतला नोकरी करत असाल तर महाराष्ट्राचं रजिस्ट्रेशन तिथे चालत नाही, गुजरात कौन्सिलकडे नोंद करून घ्यावी लागते. माझ्या ओळखीच्या दोघी तीन वर्षं तशाच काम करतायत, त्यांना मी तिथूनच मेसेज टाकला. रिन्यूअल संपलेलं असताना ड्युटी करणं पण तसंच, काही घडलं की पहिला प्रश्न तोच येतो.

रीलवाल्यांनाही चांगलं झापलं. आयसीयूत युनिफॉर्म घालून गाण्यावर रील, मागे पेशंटचा मॉनिटर आणि नाव दिसतंय. तक्रार करायला नातेवाईकच लागतो असं नाही, शेजारच्या बेडवाल्यानेही केली तर झाली.

आता तक्रारी. माईक खराखरा वाजत होता, मागच्या रांगेला निम्मं ऐकू आलं नाही. प्रोफेशनल इन्डेम्निटीच्या (कामातल्या चुकीवरून केस झाली तर उपयोगी पडणाऱ्या) विम्यावर पाऊण तास एका एजंटला दिला, विमा घ्यावा हे मान्य पण त्याने वकिलाची फी मिळते, रजिस्ट्रेशन वाचत नाही, हे त्याने स्वतः सांगितलं नाही, आम्ही विचारल्यावर कबूल केलं. तो वेळ प्रश्नोत्तराला द्या. जेवण मात्र एक नंबर, भरीत-पुरी, सोबत कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा, पण एवढं खाऊन दोन वाजता कायद्याची कलमं ठेवणाऱ्याला नमस्कार.

एक स्टार कापला तो सर्टिफिकेटसाठी. कौन्सिलचं रजिस्टर, आधार आणि सर्टिफिकेट तिन्हीकडे नाव सेम पाहिजे, लग्नानंतर बदललं असेल तर कौन्सिलला कळवून दुरुस्त करून घ्या, नाहीतर एनआरटीएसला (नर्सेसच्या देशपातळीवरच्या ऑनलाईन नोंदणीला) आणि रिन्यूअलला अडकता, हे क्लासमध्ये दहा वेळा सांगितलं. आणि माझ्या सर्टिफिकेटवर आडनावच चुकवलं. दोनदा फोन केला, "करतो ताई" म्हणतात. दुरुस्त करून द्या, पाचवा स्टार लगेच टाकते. आणि हो, ती विनंती मी फोनवर न थांबता लेखी पण पाठवलीय, तारीख टाकून, पोच मागून.