हॅमरचे ड्रॅक्युलापट ब्लू-रेवर : काही महिन्यांच्या वापरानंतर, नायिकांविषयी

खरेदी करणाऱ्यांसाठी आधी एक सूचना. ब्लू-रे डिस्क ठरावीक भूभागातल्या, म्हणजे 'रीजन'मधल्या प्लेअरवरच चालतात. ब्रिटनमधल्या बऱ्याच डिस्क 'बी' रीजनच्या असतात आणि भारत 'सी' रीजनमध्ये येतो. त्यामुळे रीजन-फ्री प्लेअर नसेल तर डिस्क मागवू नका.

हॅमर या ब्रिटिश चित्रपट कंपनीचे हे भयपट मी एकेक करून जमवले आणि गेले काही महिने पुन्हापुन्हा पाहतोय. पहिल्यांदा सगळे ड्रॅक्युला साकारणाऱ्या ख्रिस्तोफर लीसाठी पाहतात, मीही तसेच पाहिले. पण १९५८च्या 'ड्रॅक्युला'मध्ये लीला सुरुवातीचे मोजके संवाद आहेत आणि १९६६च्या 'ड्रॅक्युला: प्रिन्स ऑफ डार्कनेस'मध्ये तर एकही नाही. मग भीती आपल्यापर्यंत पोचवतं कोण? या चित्रपटांतल्या बायका. सगळं ओझं त्यांच्या चेहऱ्यांवर आहे.

१९५८च्या डिस्कमध्ये जपानमध्ये सापडलेले, पूर्वी कापलेले तुकडे जोडलेत. त्यामुळे ड्रॅक्युला मीनाच्या खोलीत येतो तो प्रसंग आता नीट कळतो. मेलिसा स्ट्रिबलिंगने तिची भीती आणि ओढ एकाच नजरेत दाखवलीय. किल्ल्यात मदतीसाठी विनवणारी आणि पुढच्याच क्षणी गळ्याचा चावा घेणारी स्त्री म्हणजे व्हॅलरी गाँट. तिने अवघे दोन चित्रपट केले, दोन्ही हॅमरचे, आणि अभिनय सोडला. दोन चित्रपटांत एवढी छाप पाडणारं माणूस विरळाच.

पण माझ्या मते या सगळ्यांत मोठी अभिनेत्री बार्बरा शेली. 'प्रिन्स ऑफ डार्कनेस'मधली तिची हेलन आधी कडक शिस्तीची, धास्तावलेली बाई. किल्ल्यात थांबू नका असं ती एकटीच सांगत असते आणि कुणी ऐकत नाही. तीच पुढे रक्तपिपासू होते, तेव्हा चालणं बदलतं, खांदे बदलतात, डोळ्यांत भूक येते. मठातले साधू तिला टेबलावर दाबून धरतात आणि छातीत लाकडी खुंटा ठोकतात, तो प्रसंग मला अजून सहज पाहवत नाही. ती इतकी जीव तोडून सुटायला धडपडते, की आपण तिच्याच बाजूने होतो. या चित्रपटातल्या तिच्या किंकाळ्या मात्र सहअभिनेत्री सुझन फार्मरच्या आवाजातल्या आहेत. डिस्कवर ली, शेली, फार्मर आणि फ्रान्सिस मॅथ्यूज यांची एकत्र कॉमेंट्री आहे, म्हणजे चित्रपट चालू असताना त्यावर केलेल्या गप्पा. चित्रपट एकदा पाहून झाला की ती जरूर ऐका. पुढे शेली रॉयल शेक्सपिअर कंपनीत गेली, यावरून तिची कुवत कळावी. २०२१मध्ये ती वारली.

आवाज काढून घेण्याचा हा प्रकार पुढेही झाला. 'स्कार्स ऑफ ड्रॅक्युला'त (१९७०) जेनी हॅन्लीच्या जागी दुसरीचा आवाज वापरला, 'काउंटेस ड्रॅक्युला'त (१९७१) तर खुद्द इन्ग्रिड पिटचा. मला याचा मनापासून राग येतो. वॉर्सात जन्मलेल्या पिटने लहानपणी श्टुटहोफची नाझी छळछावणी भोगली होती. तिचे पोलिश वळणाचे उच्चार त्या भूमिकेला शोभलेच असते. तिचा खरा आवाज ऐकायचा तर 'द व्हॅम्पायर लव्हर्स' (१९७०) घ्या. शेरिडन ल फानूच्या 'कार्मिला' या कथेवरचा चित्रपट. अंत्ययात्रा समोरून जाते तेव्हा कार्मिला कोलमडते, तो प्रसंग पिटचा सर्वोत्तम. याच चित्रपटात केट ओमारा आणि मॅडलिन स्मिथही आहेत. ओमारा पुढे 'डायनॅस्टी' मालिकेत दिसली, स्मिथ १९७३च्या बाँडपटात.

१९७०मध्ये ब्रिटनच्या सेन्सॉरने 'एक्स' प्रमाणपत्राची वयोमर्यादा १६वरून १८ केली. त्यानंतरच्या चित्रपटांत नग्नता बरीच वाढली आणि नायिकांना भूमिका कमी, कॅमेऱ्यासमोर उभं राहण्याचं काम जास्त मिळालं. 'लस्ट फॉर अ व्हॅम्पायर' मी एकदाच पाहिला. युटे स्टेन्सगार्डला त्यात करण्यासारखं फार काही नाही. घरात मुलं असतील तर या काळातल्या डिस्क वेगळ्या ठेवा.

काहींना मात्र हॅमर मधला टप्पा ठरला. कॅरोलाइन मनरो 'ड्रॅक्युला ए.डी. १९७२'नंतर १९७७च्या बाँडपटात झळकली. श्रीनगरमध्ये जन्मलेली जोआना लमली 'द सॅटनिक राइट्स ऑफ ड्रॅक्युला'त (१९७३) आहे. पुढे टीव्हीवर तिने मोठं नाव कमावलं.

चित्र बहुतेक डिस्कवर स्वच्छ आहे, काळोखे प्रसंग कुठेकुठे दाणेदार दिसतात. इंग्रजी सबटायटल्स असलेलीच आवृत्ती घ्या, जुन्या ब्रिटिश उच्चारांना त्यांची मदत होते. एकच डिस्क परवडत असेल, तर 'प्रिन्स ऑफ डार्कनेस' घ्या, शेलीसाठी.