आठ महिने रात्रीच्या पाण्याला: घड्याळातलं ‘रेडियम’ आणि सहाच्या खालची अक्षरं

निपाणीजवळ वेदगंगेच्या अंगाला आमचा ऊस आहे. थ्री फेज लाईट रात्रीची असली की दहाला मोटर चालू करायची आणि पहाटेपर्यंत दारं मोडत फिरायचं. हात चिखलाचे असतात. मोबाईल काढला तर त्या उजेडानं पुढची दोन मिनिटं सरीच दिसत नाही. म्हणून गेल्या नोव्हेंबरात सुपर-ल्युमिनोव्हा सी-थ्री या अंधारात चमकणाऱ्या रंगाचे काटे असलेलं घड्याळ घेतलं. कंपनी कुठली ते सोडा, मी लिहितोय ते त्या चमकणाऱ्या रंगाबद्दल.

पहिले पंधरा दिवस मन खट्टू होतं. थंडीमुळे घड्याळ दिवसभर स्वेटरच्या बाहीखाली, आणि रात्री दहाला बघावं तर काटे मळकट. पण दोष घड्याळाचा नव्हता. हा रंग घेतलेलाच उजेड हळूहळू परत देतो. स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट आणि त्यात युरोपियम, डिस्प्रोसियमचा अंश. जपानच्या नेमोतो कंपनीनं १९९३ मध्ये तो आणला. आता बांधावर पोचलो की बॅटरीचा झोत अर्धा मिनिट काचेवर धरतो. पहिला अर्धा तास काटे असे हिरवेगार की काचेच्या कडेलाही हिरवी झाक येते. मग उजेड भराभर उतरतो. तरी पहाटे चारला, अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना बाराचा त्रिकोण आणि दोन्ही काटे नीट दिसतात. सेकंद काट्यावरचा ठिपका मात्र एकच्या सुमारासच विझतो, कारण तिथं रंग टाचणीच्या डोक्याएवढाच. घेताना रंग किती जाड भरलाय ते आधी बघा. दिवसा पांढरा आणि रात्री निळा दिसणारा बीजीडब्ल्यू-नाईन हा याच रंगाचा दुसरा प्रकार देखणा खरा, पण उजेडात सी-थ्री त्याच्या पुढं.

आपल्याकडे अंधारात चमकणारं सगळंच रेडियम. मीही तसंच म्हणायचो, आबांचं घड्याळ नीट बघेपर्यंत. १९७५ च्या सुमाराचं स्विस घड्याळ. भिंगातून पाहिलं तर डायलवर सहाच्या खाली बारीक अक्षरात ‘टी स्विस टी’. टी म्हणजे ट्रिटियम, हायड्रोजनचा किरणोत्सर्गी प्रकार. काही डायलवर ‘टी’पुढे पंचवीसपेक्षा कमी असं चिन्ह असतं, म्हणजे किरणोत्सर्ग पंचवीस मिलिक्युरीच्या (हे त्याचं माप) आत. ट्रिटियम दर १२.३ वर्षांनी निम्मं होतं. पन्नास वर्षांत चार वेळा निम्मं, उरलं जेमतेम सोळावा हिस्सा. रंग पिकल्या पानासारखा पिवळट झालाय आणि रात्री काही दिसत नाही. ते तसंच असायला हवं.

खरं रेडियम त्याच्याही आधीचं, साधारण १९६० च्या दशकापर्यंतच्या डायलवर. ते निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. चमक जाते ती त्यात मिसळलेलं झिंक सल्फाइड झिजल्यामुळे. किरणोत्सर्ग तसाच राहतो. आजोबांच्या पेटीत असं घड्याळ सापडलं तर कृपा करून झाकण उघडू नका, डायल खरवडू नका. अमेरिकेत असे डायल रंगवणाऱ्या मुली ब्रशचं टोक ओठांनी बारीक करत, आणि त्यातल्या कितीतरी जणी जबड्याची हाडं कुजून गेल्या. मला ते वाचून फार वाईट वाटलं.

आबांचं घड्याळ एका दुकानात साफ करायला दिलं होतं. “नवं रेडियम भरून देतो” म्हणाले, मी स्पष्ट नको म्हटलं. तरी मिनिट काट्याला पांढरा रंग फासून परत दिलं. आबांच्या मनगटावर पिकलेला तो रंग आता परत मिळायचा नाही. त्यातून एक पारख मात्र हाती आली. जुनं ट्रिटियम बॅटरी दाखवल्यावर जरासं लुकलुकतं आणि लगेच मावळतं. ‘टी’ लिहिलेल्या डायलवर काटे तासन्‌तास चमकत असतील तर रंग नंतर भरलेला आहे. जुनं घड्याळ ‘ओरिजिनल’ म्हणून कुणी विकत असेल तर हे करून बघा.

माझा चुलतभाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत आहे. त्याच्या घड्याळात रंगाऐवजी ट्रिटियम वायूच्या बारीक काचनळ्या आहेत, डायलवर ‘टी पंचवीस’. त्यांना बॅटरी दाखवावी लागत नाही, चमक संध्याकाळी जेवढी तेवढीच पहाटे. सुट्टीवर आला तेव्हा एक रात्र पाणी पाजताना दोन्ही घड्याळं घालून पाहिली. दहाला माझं घड्याळ कितीतरी उजळ होतं, तीननंतर त्याचं. पण नळ्याही दहा-बारा वर्षांत निम्म्यावर येणार. माझा रंग ओल लागली नाही तर त्याहून जास्त टिकावा, म्हणून पावसाळ्याआधी चावीचं आणि मागच्या झाकणाचं रबर तपासून घेतलंय.