दिवा की भट्टी? धातूयुक्त प्रकाश-उत्प्रेरक बनवताना काय निवडावं

टायटॅनियम डायऑक्साइड (टायटॅनिया) ही प्रकाश पडला की अभिक्रिया घडवणारी, म्हणजे प्रकाश-उत्प्रेरक, भुकटी. तिच्यात धातू घालायचं ठरलं की बहुतेक जण लगेच पद्धत शोधायला लागतात. त्याआधी एक गोष्ट ठरवा: धातू स्फटिकाच्या आत हवाय की कणाच्या अंगावर?

आत म्हणजे टायटॅनियमच्या काही आयनांच्या जागी लोह किंवा व्हॅनेडियम बसणं. खरं डोपिंग हेच. अंगावर म्हणजे प्लॅटिनम, सोनं, चांदी यांचे काही नॅनोमीटरचे ठिपके. बोलताना दोन्हींना सर्रास डोपिंग म्हणतात आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. अतिनील प्रकाशाने धातू फक्त पृष्ठभागावर बसतो. दिवा रात्रभर चालू ठेवला तरी तो स्फटिकाच्या जाळीत शिरत नाही.

आधी दिव्याची पद्धत, म्हणजे फोटोडिपॉझिशन. क्रॉइटलर आणि बार्ड यांनी १९७८ मध्ये टायटॅनियावर प्लॅटिनम असं बसवून दाखवलं. अ‍ॅनाटेज या टायटॅनियाच्या स्फटिकरूपाचा बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणून साधारण ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश लागतो. प्रकाश पडला की मोकळे इलेक्ट्रॉन आणि होल, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटून गेल्यावर उरलेल्या धनभारित जागा, तयार होतात. इलेक्ट्रॉन धातूच्या आयनाचं क्षपण करतो, म्हणजे त्याला मिळून त्याचा धातू बनवतो. होल मात्र तसंच राहिलं तर त्याच इलेक्ट्रॉनला गिळतं, म्हणून त्याला गुंतवायला पाण्यात १० ते २० टक्के मिथेनॉल घालतात. इथे द्रावक नुसता पातळ करण्यासाठी नसतो, तो अभिक्रियेत भाग घेतो. होलने मिथेनॉलचं ऑक्सिडीकरण केलं की उरलेला मूलक (एकटा इलेक्ट्रॉन असलेला क्रियाशील तुकडा) आणखी एक इलेक्ट्रॉन टायटॅनियाला देऊ शकतो. एका फोटॉनमागे दोन इलेक्ट्रॉन मिळण्याची ही सोय मला या पद्धतीतली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. इथेनॉल किंवा आयसोप्रोपॅनॉलही चालतं, आणि मिथेनॉलच्या विषारीपणामुळे ते टाळायचं असेल तर तेच घ्या.

माझा पहिला प्रयोग वाया गेला तो ऑक्सिजनमुळे. नायट्रोजन दोन-तीन मिनिटं सोडला, दिवा लावला, तासभर ढवळलं; मिश्रण दुधासारखं पांढरंच. विरघळलेला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन पळवत होता. पुढच्या वेळी अर्धा तास नायट्रोजनचे बुडबुडे सोडले, तेव्हा वीस मिनिटांत भांड्याच्या दिव्याकडच्या बाजूला राखाडी छटा आली आणि ढवळता ढवळता सगळीकडे पसरली. प्लॅटिनम राखाडी दिसतं, सोनं जांभळट. रंग न बदलता तास उलटला तर दिव्याला दोष देण्याआधी वायूची नळी तपासा.

भांड्याचंही तसंच. ३६५ नॅनोमीटरचा एलईडी बोरोसिलिकेट काचेतून जातो, पण पाऱ्याच्या दिव्याचा २५४ नॅनोमीटर जात नाही; त्याला क्वार्ट्झच लागतं. सामूकडेही लक्ष हवं. टायटॅनियाचा पृष्ठभाग साधारण ६ च्या खाली धनभारित असतो, त्यामुळे ऋणभारित क्लोरोप्लॅटिनेट (प्लॅटिनमचा क्लोरीनयुक्त आयन) तिथे चांगलं चिकटतं. चांदीचा आयन धनभारित, त्याला फार आम्ल नको. आणि अतिनील किरण अडवणारा चष्मा घातल्याशिवाय दिवा लावू नका.

मर्यादा मोठी आहे: ज्या धातूचं क्षपण सहज होतं तोच बसतो. प्लॅटिनम, सोनं, चांदी, पॅलेडियम उत्तम. तांबं बसतं, पण हवा लागताच ऑक्साइडकडे वळतं. निकेल, कोबाल्ट, लोह धातुरूपात बसवणं कठीण, कारण टायटॅनियाच्या इलेक्ट्रॉनमध्ये तेवढा जोर नसतो. मँगनीज आणि शिसं तर उलट होलकडे जाऊन ऑक्साइड म्हणून बसू शकतात.

धातू आत हवा असेल तर सॉल-जेल, म्हणजे द्रावणातून जेल बनवून ते भाजायची पद्धत. टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड कोरड्या आयसोप्रोपॅनॉलमध्ये घ्यायचं, धातूचा क्षार मिसळायचा आणि आम्लयुक्त पाणी थेंबाथेंबाने सोडायचं. बाटली उघडी राहिली तरी हवेतल्या दमटपणाने ते पांढरं होतं, इतकं ते नाजूक. मग वाळवून ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला भाजायचं. चोई, टर्मिन आणि हॉफमन यांनी १९९४ मध्ये २१ धातूंचे आयन तपासले. लोह, रुथेनियम, व्हॅनेडियम यांनी फायदा झाला. कोबाल्ट आणि अ‍ॅल्युमिनियमने क्रियाशीलता घटली. फायद्याचं प्रमाण ०.१ ते ०.५ अणुटक्के एवढंच होतं. म्हणून ‘जास्त धातू, जास्त काम’ हा हिशेब इथे धरू नका. जादा आयन इलेक्ट्रॉन-होलना एकत्र आणायची जागा बनतात. याच पद्धतीने प्लॅटिनम घातलं तर त्यातलं बरंचसं आत गाडलं जातं, आणि महागडा धातू पाण्याला दिसतच नाही.

तिसरा मार्ग जुना आणि सरळ: क्षाराचं द्रावण भुकटीत जिरवायचं, वाळवायचं, तापवून हायड्रोजनमध्ये क्षपण करायचं. निकेलसाठी आणि एका वेळी बरीच ग्रॅम लागत असतील तेव्हा मी हाच घेईन. पण उष्णतेने धातूचे कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, सोन्याच्या बाबतीत उरलेलं क्लोराइड यात भर घालतं, आणि ५०० अंशांच्या आसपास टायटॅनियम ऑक्साइडचा थर प्लॅटिनमवर चढतो. बोरोहायड्राइडने थंड क्षपणही होतं. झटपट आहे, पण कणांच्या आकारावर ताबा कमी आणि बोरॉन मागे राहतो.

तर हायड्रोजन निर्मितीसाठी प्लॅटिनम हवं असेल तर दिवाच लावा. १ ग्रॅम टायटॅनियाला १० मिलिग्रॅम प्लॅटिनम द्यायचं तर हेक्साहायड्रेट क्लोरोप्लॅटिनिक आम्ल साधारण २६.५ मिलिग्रॅम लागतं. दृश्य प्रकाश शोषायला हवा असेल तर सॉल-जेल. हात अजून बसला नसेल तर चांदीपासून सुरुवात करा. फक्त मिश्रणात क्लोराइड नको, नाहीतर सिल्व्हर क्लोराइड खाली बसेल आणि तुम्हाला वाटेल चांदी बसली.

शेवटी सेंट्रीफ्यूजनंतरचं वरचं पाणी फेकू नका. त्यात किती धातू उरलाय ते मोजल्याशिवाय बाटलीवर ‘१ टक्का’ लिहिता येत नाही. सोबत एक कोरा नमुनाही ठेवा: तोच टायटॅनिया, तेच मिथेनॉल, तेवढाच वेळ प्रकाश, धातू मात्र शून्य.