दुसरा गोल: आठवी शिष्यवृत्तीच्या सराव अ‍ॅपचा आठ महिन्यांचा अनुभव

पूर्व माध्यमिक शिष्यवृत्ती परीक्षेची अंतरिम उत्तरसूची लागली, चिरंजीवांचे गुण मोजून झाले आणि त्याच संध्याकाळी अ‍ॅपने ‘आमच्याविषयी दोन शब्द लिहा’ असा निरोप पाठवला. माझे म्हणणे दोन शब्दांत मावणारे नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. पैसे परत मागण्याची माझी तक्रार अद्याप निकाली निघालेली नसल्यामुळे अ‍ॅपचे नाव देत नाही. परंतु ज्यांनी या शिष्यवृत्तीसाठी असे काही घेतले आहे किंवा घेण्याचा विचार चालवला आहे, त्यांना पुढचा मजकूर आपापल्या अ‍ॅपला लावून पाहता येईल.

मी अक्कलकोट रोडवरील एका टॉवेल कारखान्यात हिशेब पाहते. वार्षिक वर्गणी १,८९९ रुपये, म्हणजे दिवसाला साधारण पाच रुपये वीस पैसे, आणि जुळे सोलापुरात घराजवळच्या क्लासने सांगितलेली फी याच्या पाचपटीहून अधिक. त्यामुळे १२ जूनला पैसे भरताना मला फारसा विचार करावा लागला नाही. माझ्या लहानपणी ही परीक्षा चौथी आणि सातवीला असे. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला आली (२०२६-२७ पासून ती पुन्हा चौथी आणि सातवीला नेण्याचे शासनाने ठरवले) आणि तिचे स्वरूपही बदलले, त्यामुळे आपल्या जुन्या अनुभवावर मुलाला शिकवण्याची हिंमत मी केली नाही. या सावधपणाचा मला पुढे पश्चात्ताप झाला, कारण जी गोष्ट अ‍ॅपने शिकवायची होती ती शेवटी मीच शिकवली.

पहिले तीन महिने मी या अ‍ॅपची नातेवाइकांत जाहिरात करत होते, हे प्रामाणिकपणे नोंदवते. प्रश्न शुद्ध मराठीत होते, गणिताचे प्रश्न आठवीच्या पाठ्यपुस्तकातील प्रकरणांच्या क्रमाने लावलेले होते आणि प्रत्येक चाचणीनंतर गुणांचा आलेख दिसत असे. आलेख सतत वर जात होता. पहिल्या पेपरचे, म्हणजे प्रथम भाषा आणि गणित मिळून ७५ प्रश्न आणि १५० गुणांचे, शेवटच्या पाच चाचण्यांचे सरासरी गुण सप्टेंबरमध्ये १२१ झाले होते. हिशेबाच्या माणसाला वर जाणारी रेघ पाहून जे समाधान मिळते, ते मला पुरेपूर मिळाले.

गणपतीनंतर शाळेने कागदावर सराव परीक्षा घेतली आणि त्याच पहिल्या पेपरात चिरंजीवांना ९८ गुण पडले. शिक्षकांनी तपासलेली ओएमआर, म्हणजे उत्तराचे गोल रंगवायची, उत्तरपत्रिका घेऊन मी रात्री बसले. आठवीच्या या परीक्षेत प्रत्येक पेपरातील जास्तीत जास्त २० टक्के प्रश्नांना चार पर्यायांपैकी दोन पर्याय अचूक असतात आणि ते दोन्ही गोल रंगवल्याशिवाय त्या प्रश्नाचे गुण मिळत नाहीत, हे बहुतेक पालकांना ठाऊक आहे. शाळेच्या पेपरात असे १३ प्रश्न होते. त्यांपैकी ११ प्रश्नांत मुलाने एकच गोल रंगवला होता आणि तो गोल बरोबर होता. प्रत्येकी दोन याप्रमाणे २२ गुण गेले. ९८ मध्ये २२ मिळवले की १२० होतात, म्हणजे अ‍ॅपच्या सरासरीहून केवळ एक कमी. ताळेबंद इतका चोख जुळला की मला मुलावर रागावताच येईना.

“अरे, प्रश्नातच लिहिले आहे ना, दोन अचूक पर्याय निवडा म्हणून?” असे मी विचारले. तो म्हणाला, “आई, अ‍ॅपमध्येही तसेच लिहिलेले असते, पण तिथे दोन करताच येत नाहीत.” मी मोबाइल हातात घेऊन स्वतः पाहिले. प्रश्नाखाली ‘दोन अचूक पर्याय निवडा’ अशी सूचना ठळक अक्षरांत होती. पहिला गोल दाबला की तो निळा होई, दुसरा दाबला की दुसरा निळा होई आणि पहिला निमूटपणे रिकामा होई. दोनपैकी कोणताही एक बरोबर असला की अ‍ॅप पूर्ण दोन गुण देऊन फुलांचा वर्षाव करीत असे. तीन महिने माझा मुलगा दोन उत्तरांच्या प्रश्नाला एकच उत्तर देण्याचा नेमाने सराव करीत होता आणि मी त्याबद्दल त्याला शाबासकी देत होते.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोलाचे काय घेऊन बसलात. हा एवढासा गोल एका पेपरात १५ प्रश्नांपर्यंत, म्हणजे ३० गुणांपर्यंत जातो आणि दोन्ही पेपर मिळून ३०० पैकी ६० गुणांचा प्रश्न होतो. ही शिष्यवृत्ती गुणवत्ता यादीतील स्थानावर मिळते. दोन्ही पेपरांत ४० टक्के गुण मिळवून मूल पात्र ठरते, पण वर्षाचे ७,५०० रुपये त्याच्या हाती पडतातच असे नाही. तेथे दोन-चार गुणांनीही नाव यादीबाहेर राहते.

गुणांपेक्षाही मला जास्त खटकले ते वेगळेच. अ‍ॅपमध्ये एक प्रश्न होता: पुढीलपैकी अपरिमेय संख्या कोणत्या? पर्याय होते वर्गमूळ २, वर्गमूळ ९, २२/७ आणि पाय. वर्गमूळ २ अपरिमेय असते, हे मुलाला पाठ होते. त्याने ते दाबले, फुले पडली, तो पुढे गेला. वास्तविक त्या प्रश्नाचे सगळे मर्म उरलेल्या तीन पर्यायांत आहे. वर्गमूळ ९ म्हणजे सरळ ३. २२/७ हा अपूर्णांक म्हणून परिमेय आहे आणि तो पायची केवळ जवळची किंमत आहे. स्वतः पाय मात्र अपरिमेय आहे. दुसरा गोल शोधताना मुलाला २२/७ आणि पाय यांच्यात निवड करावीच लागते आणि तेथेच त्याला कळते की आपण या दोघांना आजवर एकच समजत होतो. अ‍ॅपने ही वेळच येऊ दिली नाही. मी हाच प्रश्न कागदावर घातला तेव्हा चिरंजीवांनी वर्गमूळ २ आणि २२/७ रंगवले.

तक्रारीचा प्रवास थोडक्यात सांगते. पहिल्या पत्राला ‘आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ असे उत्तर आले, दुसऱ्यालाही अक्षरशः तेच. तिसऱ्या वेळी फोन लागला आणि पलीकडच्या मुलाने नकळत खरे कारण सांगून टाकले: “मॅडम, एनएमएमएस आणि स्कॉलरशिप, दोन्हींना आपला चाचणीचा साचा एकच आहे.” एनएमएमएस या आठवीच्याच दुसऱ्या, केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेत बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता अशा दोन चाचण्या असतात, प्रत्येकीत ९० प्रश्न, ९० मिनिटे, एका प्रश्नाला एक गुण आणि एकच उत्तर. तेथे हा साचा निर्दोष चालतो. तोच उचलून शिष्यवृत्तीवर बसवला होता. शिंप्याने थोरल्या भावाच्या मापावर धाकट्याची विजार शिवावी, तसा प्रकार. पैसे परत मागितले तेव्हा ती मुदत खरेदीपासून सात दिवसांचीच होती, असे कळले. दोष तीन महिन्यांनी दिसला, कारण पहिले तीन महिने तो दोष आम्हाला गुण वाटून देत होता, हे मी त्यांना लिहिले. त्यावर उत्तर आले नाही.

येथवरचा मजकूर मी नोव्हेंबरात लिहिला असता तर एक तारा देऊन मोकळी झाले असते. दिवाळीनंतर मात्र अ‍ॅप अद्ययावत झाले आणि दोन उत्तरांच्या प्रश्नांना गोलांऐवजी चौकटी आल्या. दोन्ही चौकटींत खूण करता येऊ लागली. मला खरोखर आनंद झाला आणि तो बरोबर एक दिवस टिकला, कारण दुसऱ्या दिवशी लक्षात आले की दोनपैकी एकच पर्याय बरोबर असला तर अ‍ॅप एक गुण देते. परीक्षेत अर्धवट उत्तराला गुण नाही; पूर्ण दोन किंवा शून्य. मी पुन्हा लिहिले. उत्तर आले की मुलांचा उत्साह टिकावा म्हणून ही सोय ठेवली आहे. मुलाच्या उत्साहाची काळजी घेण्यास घरात आजी समर्थ आहे. अ‍ॅपने गुण तेवढे खरे सांगावेत, असे मी कळवले.

तेव्हापासून मी एक वही घातली. डाव्या रकान्यात अ‍ॅपने दिलेले गुण, उजव्या रकान्यात अर्धवटांचे कापून उरलेले खरे गुण. नोव्हेंबरअखेर या दोहोंत पेपरामागे आठ-नऊ गुणांचा फरक येत असे, जानेवारीत तो दोन-तीनवर आला. कंपनीचा आलेख मी पाहणेच बंद केले.

पडद्यावरील सरावाची दुसरी उणीवही त्या वहीमुळेच कळली. ७५ प्रश्नांना ९० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद, असा अ‍ॅपचा हिशेब आहे. पडद्यावर बोट टेकवायला क्षणही लागत नाही. कागदावर बॉलपेनने गोल बाहेर न जाता नीट भरायला माझ्या मुलाला घड्याळ लावून सरासरी सहा सेकंद लागले. दोन उत्तरांचे १५ प्रश्न धरले तर ९० गोल होतात आणि नऊ मिनिटे निव्वळ रंगवण्यात जातात. शाळेच्या परीक्षेत शेवटचे चार प्रश्न कोरे का राहिले होते, ते तेव्हा उलगडले. मग नवी पेठेतून कोऱ्या ओएमआर पत्रिकांच्या ८० झेरॉक्स दीड रुपयाप्रमाणे काढून आणल्या आणि अ‍ॅपमधील प्रश्न पाहून उत्तरे कागदावर, अशी पद्धत ठरली. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड आणि अवेळी पाणी येते. ज्या पहाटे ते येई त्या पहाटे सगळे घर जागे असल्यामुळे मी पाणी भरत असे आणि चिरंजीव पूर्ण पेपर सोडवत असत. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत एका संध्याकाळच्या पाळण्यांच्या बदल्यात दोन पेपर, असा व्यवहारही झाला.

एका बाबतीत मात्र मला या अ‍ॅपचे ऋण मान्य करावे लागेल आणि ते मी खळखळ न करता करते. दुसऱ्या पेपरातील बुद्धिमत्ता चाचणीत घन, फासे, कागदाच्या घड्या, आरशातील आणि पाण्यातील प्रतिमा असे प्रश्न येतात. छापील पुस्तकात फाशाच्या दोन स्थिती दाखवून अमुक बाजूसमोर कोणती, असे विचारले की मला स्वतःला आजही घाम फुटतो. अ‍ॅपमध्ये तो फासा बोटाने फिरवता येतो, उलगडून सपाट करता येतो, पुन्हा घडी घालता येतो. आठवडाभर हे केल्यावर मुलगा पुस्तकातील स्थिर चित्र पाहूनही उत्तर देऊ लागला. पाण्यातील प्रतिमेत वर-खाली उलटते आणि आरशातील प्रतिमेत डावे-उजवे, हे त्याला मी चार वेळा सांगून समजले नव्हते, ते तेथे एकदा पाहून समजले. ज्यांनी हा भाग घडवला त्यांनी गोलांचा भाग पाहिलेला नसावा.

भाषेविषयी एक ओळ: ही परीक्षा सात माध्यमांतून होते आणि त्यांत कन्नड व तेलुगूही आहेत, पण अ‍ॅप केवळ मराठी आणि इंग्रजीत आहे. आमच्या कारखान्यातील सहकाऱ्याची मुलगी कन्नड माध्यमात शिकते. तिला मी हे सुचवूही शकले नाही. सोलापुरात ही किरकोळ बाब नाही.

खर्चाचा ताळा असा आहे. अ‍ॅपचे १,८९९. ही परीक्षा घेणाऱ्या राज्य परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलेल्या पाच वर्षांच्या दहा पेपरांच्या झेरॉक्सचे ३१०, ओएमआर पत्रिकांचे १२०, पेनांचे २०, एकूण ४५०. जुन्या पेपरांबरोबर परिषदेच्या उत्तरसूच्याही मिळतात आणि त्यांत दोन उत्तरांचे प्रश्न दोनच उत्तरांनी तपासता येतात. माझ्या वहीप्रमाणे डिसेंबरनंतरची गुणवाढ जवळजवळ सगळी या ४५० रुपयांतून झाली, बुद्धिमत्तेचा भाग वगळून.

परीक्षेहून आल्यावर चिरंजीवांनी प्रश्नपत्रिकेवर केलेल्या खुणा अंतरिम उत्तरसूचीशी ताडून पाहिल्या. पहिल्या पेपरात दोन उत्तरांचा एकही प्रश्न त्याने एका गोलावर सोडलेला नव्हता. दोन ठिकाणी पर्याय चुकला, पण गोल दोन होते. आक्षेप मागवून अंतिम सूची लागेपर्यंत बेरीज थोडी इकडेतिकडे होऊ शकेल.

वर्गणी ११ जूनपर्यंत चालू आहे. पुण्याची माझी भाची सध्या सातवीत असून सुट्टीत ती आमच्याकडे येणार आहे. तिला मी मोबाइल देईन तो फासे आणि घड्यांपुरताच. झेरॉक्सचा गठ्ठा आणि उरलेल्या २३ कोऱ्या पत्रिका तिच्यासाठी पिशवीत बांधून ठेवल्या आहेत. स्वयंचलित नूतनीकरण मी बंद केले आहे. ते बंद का करता, असे विचारून अ‍ॅपने चार कारणे दिली होती आणि त्यांतलेही एकच निवडता येत होते.