रविवार कारंजावरचे कन्व्हर्जन बोर्डांचे दुकान

रविवार कारंजाच्या मागच्या एका बोळात, शिलाई यंत्रे दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी, पाटी नसलेले एक दुकान आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ते भंगाराचे वाटेल. परंतु परदेशी रंगीत टीव्ही आपल्याकडे चालावेत म्हणून १९८०च्या दशकात मेकॅनिक लोक जे कन्व्हर्जन बोर्ड बसवत असत, ते विकणारे आणि दुरुस्त करणारे दुसरे दुकान मला नाशिकमध्ये अद्याप सापडलेले नाही. मी असे बोर्ड गेली काही वर्षे जमवत आहे. मागील चार महिन्यांत या दुकानात सहा वेळा जाणे झाले, त्याचा हा अनुभव.

१९८२च्या १५ ऑगस्टला दूरदर्शनने रंगीत प्रक्षेपण सुरू केले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई खेळ झाले. त्यानंतरच्या वर्षी माझे मामा अमेरिकेहून येताना एक टीव्ही घेऊन आले. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून तो सुरू केला, तेव्हा चित्र वर-खाली लोळत होते, रंगाचा पत्ता नव्हता आणि आवाजाच्या जागी नुसती खरखर होती. याचे कारण साधे होते. तिकडची एनटीएससी पद्धत ५२५ ओळींची, सेकंदाला साधारण ६० फील्डची (फील्ड म्हणजे एकाआड एक ओळींचे अर्धे चित्र) आणि ३.५८ मेगाहर्ट्झच्या रंगलहरीची, म्हणजे रंगाची माहिती वाहणाऱ्या लहरीची. आपली पाल पद्धत ६२५ ओळींची, ५० फील्डची आणि ४.४३ मेगाहर्ट्झची. आवाजाची लहर चित्रापासून तिकडे ४.५ मेगाहर्ट्झ अंतरावर असते, इकडे ५.५. सुदैवाने आडव्या ओळींचा वेग दोन्हीकडे जवळपास सारखा, म्हणजे सेकंदाला १५,७३४ आणि १५,६२५ आहे. त्यामुळे व्हर्टिकल होल्ड (चित्र वर-खाली लोळू न देणारे नियंत्रण) आणि उंची जुळवून, आवाजाची कॉइल बदलून आणि रंगासाठी पालचा वेगळा बोर्ड आत बसवून असा टीव्ही भारतीय करता येत असे. मामांच्या टीव्हीत एका मेकॅनिकने तसा बोर्ड बसवला, आणि तो टीव्ही आजही माझ्या घरी आहे.

या टीव्हीचे रंग यंदा पावसाळ्यात दगा देऊ लागले. सुरू केल्यावर चित्र कृष्णधवल दिसे, दहा-पंधरा मिनिटांनी रंग येत आणि मध्येच नाहीसे होत. ज्या दुकानात मी तो आधी दाखवला, तेथे मला नवा एलईडी घेण्याचा सल्ला मिळाला; दुसरीकडे आतला ‘जुगाड’ काढून सेट मूळ स्थितीत आणून देतो असे सांगण्यात आले. संग्राहकांपैकीही अनेकांना सेट कारखान्यातून निघाला तसाच हवा असतो, आणि मला ती दृष्टी अपुरी वाटते. अमेरिकेतील संग्राहक १९५१ साली जेमतेम चार महिने चाललेल्या सीबीएसच्या रंगीत प्रक्षेपणासाठीची फिरती रंगचक्रे जिवापाड जपतात. मग आपल्या मेकॅनिकने हाताने बसवलेला बोर्ड तेवढा जुगाड कसा ठरतो?

रविवार कारंजावरच्या दुकानाच्या मालक काकांनी मागचे झाकण उघडले, टॉर्च धरून बराच वेळ आत पाहिले आणि म्हणाले, “हा बोर्ड काढायचा नाही. ज्याने बसवला त्याला काम येत होते.” त्यांनी आयसीला हात लावला नाही. बोर्डावरच्या क्रिस्टलवर, म्हणजे ठरावीक वेगाने कंप पावणाऱ्या स्फटिकावर, ८.८६ असा आकडा होता, म्हणजे पालच्या रंगलहरीच्या दुप्पट. त्याच्या शेजारच्या, बारीक जुळवणी करणाऱ्या ट्रिमरवर गंज चढल्यामुळे बोर्डाची स्वतःची लहर तयार करणारा ऑसिलेटर जागेवरून सरकत होता, त्याचा प्रक्षेपणातील रंगलहरीशी मेळ बसत नव्हता आणि मेळ नसला की बोर्डातील ‘कलर किलर’ रंग आपोआप बंद करतो. काकांनी ट्रिमर बदलला आणि प्लास्टिकच्या पेचकसाने तो केसभर फिरवला. रंग आले, आणि पुढे दोन तास सेट चालू ठेवला तरी गेले नाहीत.

त्यानंतर त्यांनी जे केले, ते मी सांगितलेही नव्हते. पॅटर्न जनरेटर या चाचणीचे चित्र देणाऱ्या यंत्रावरच्या लाल पट्ट्यात झापांच्या खिडकीसारख्या बारीक आडव्या रेघा दिसत होत्या. या रेघांना हॅनोव्हर बार म्हणतात, कारण वाल्टर ब्रुख यांनी पाल पद्धत टेलिफुंकेनच्या हॅनोव्हर येथील प्रयोगशाळेत विकसित केली. पालमध्ये प्रत्येक ओळीचा रंग आधीच्या ओळीच्या रंगाशी मिळवून चुका परस्पर खोडल्या जातात, आणि त्यासाठी रंगाचा संकेत एका ओळीपुरता, म्हणजे सुमारे ६४ मायक्रोसेकंद, थोपवून धरावा लागतो. हे काम डिले लाइन या भागातील काचेची एक चपटी वडी करते. तिच्यात संकेत ध्वनिलहरी होऊन शिरतो, कडांवर आपटत फिरतो आणि पलीकडे पुन्हा वीज होऊन बाहेर पडतो. काकांनी एक फुटकी डिले लाइन उघडून ती काच माझ्या तळहातावर ठेवली. पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढ्या त्या काचेच्या दोन कोपऱ्यांना केसासारख्या तारा होत्या. मग त्यांनी डिले लाइनजवळची कॉइल आणि प्रीसेट आळीपाळीने फिरवले, आणि रेघा विरत जाऊन लाल पट्टा सपाट झाला. या साऱ्याचे त्यांनी ६५० रुपये घेतले.

विक्रीच्या मालाबाबत मात्र सावध राहावे. बोर्ड ३०० ते १,२०० रुपयांना मिळतात, परंतु त्यांतील काही काकांच्या भांडी बाजाराच्या उतारावरील जुन्या गोदामातून आलेले आहेत आणि २०१६च्या ऑगस्टमधील पुराचे पाणी त्यांवरून गेलेले आहे. आयसीच्या पायांभोवती पांढरी बुरशी किंवा कॉइलच्या डब्यात वाळलेला गाळ दिसला, तर तो बोर्ड घेऊ नये. मी घेतलेल्या दोहोंपैकी एक असाच निघाला आणि तो परत घेतला गेला नाही. लेखी बिल मिळत नाही. दुसऱ्या एका बोर्डाचे जुने कंडेन्सर मला परत हवे होते, तसे मी बजावलेही होते, तरी ते फेकून देण्यात आले. आठवड्याचे काम पाच आठवड्यांवर गेले. गाडी शालिमार चौकात किंवा त्याहून लांब लावून चालत जाणे बरे.

दुकानात मागच्या भिंतीला वर निळा, मध्ये तांबूस आणि खाली हिरवा असा प्लास्टिकचा पडदा टांगलेला आहे. कृष्णधवल टीव्हीसमोर तो लावला की आकाश निळे आणि मैदान हिरवे होई, आणि बातम्या देणाऱ्यांचे कपाळही निळे होई. तो विकत मागितला, तर काकांनी नकार दिला.

दुरुस्तीसाठी जाणाऱ्यांनी आपला सेट-टॉप बॉक्स, त्याचे चित्र-आवाज अँटेनाच्या वाटेने टीव्हीत पोचवणारा आरएफ मॉड्युलेटर आणि असल्यास ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बरोबर न्यावा. अँटेनावर आता काही येत नाही, आणि काकांकडचा एकच मॉड्युलेटर बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी सेटला जोडलेला असतो.