माहिती कशी जपायची ते शिकलो आणि त्याच दुपारी ४१२ सभासदांची यादी देऊन बसलो

लिहायला लाज वाटते. तरी लिहितोय, कारण प्रशिक्षक म्हणून येऊन आम्हाला फसवणारा तो माणूस अजून मोकळा आहे आणि त्याचा पुढचा फोन तुमच्या संस्थेत येऊ शकतो.

मी एका पतसंस्थेत व्यवस्थापक आहे. फोन आला तेव्हा मार्चअखेरची धावपळ होती. ‘डेटा संरक्षण कायदा २०२३ आलाय साहेब. सभासदांची माहिती फुटली तर २५० कोटी दंड. स्टाफच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आहे ना तुमच्याकडे?’ नव्हतं. कायदा मी वाचला तो फसल्यावर. ४४ कलमं आहेत. दंड २५० कोटींपर्यंत आहे, तो ‘पर्यंत’ त्यानं गिळला होता. आणि बाहेरच्या एजन्सीचं प्रमाणपत्र घ्या, असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. पण अध्यक्ष मागं लागले होते, ‘तपासणीत विचारलं तर काय दाखवणार?’ शिवाय प्रशिक्षणाची गरज होतीच. केवायसीच्या झेरॉक्स आमच्या काउंटरवर उघड्या पडलेल्या असायच्या, सभासदांच्या आधारचे फोटो शिपायाच्या मोबाइलमध्ये असायचे. मी काही चैनीसाठी पैसे उडवले नाहीत.

त्याच्याकडूनच प्रशिक्षण घ्यायचं ठरलं. माणशी ३,५०० रुपये, अकरा जण, ३८,५००. वर अठरा टक्के जीएसटी ६,९३०. एकूण ४५,४३०, आगाऊ.

ते बिल आता रोज बघतो. पत्ता महाराष्ट्रातला, सीजीएसटी-एसजीएसटी नऊ-नऊ टक्के व्यवस्थित दाखवलेले, आणि जीएसटी नंबर सुरू होतो २४ नं. २४ म्हणजे गुजरात, आपला २७. बिलावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’, पण नंबरातलं सहावं अक्षर, म्हणजे त्यातल्या पॅनचं चौथं, ‘पी’. ‘पी’ म्हणजे व्यक्ती, कंपनीला ‘सी’ असतं. पैसे गेले तेही एका माणसाच्या बचत खात्यात. हिशेबात आयुष्य गेलं माझं, आणि हे मला दिसलं नाही. जीएसटीच्या संकेतस्थळावर नंबर टाकून बघायला एक मिनिट लागतं. तुम्ही तरी बघा.

सकाळचं सत्र उत्तम झालं, हे कबूल करतो. सभासद म्हणून कुणाचा फोन आला तर शिल्लक सांगायची नाही, आपल्या दप्तरी असलेल्या नंबरवर आपण उलट फोन करायचा. आधार घ्यायचंच तर मास्क्ड घ्यायचं, शेवटचे चारच आकडे दिसतात ते. जागेवरून उठताना स्क्रीन लॉक. यादी कामापुरती, ज्याचं काम त्यालाच. पोरं वह्या भरभरून लिहीत होती.

जेवणानंतर ‘प्रात्यक्षिक’. यादीतली माहिती झाकायची कशी ते दाखवतो म्हणाला. बनावट नावं घेतली की लोक गंभीर होत नाहीत, खरी यादी द्या. नाव, मोबाइल, खात्याचे शेवटचे चार आकडे, ठेवीची रक्कम, मुदत संपायची तारीख. ४१२ सभासद. पेन ड्राइव्ह त्याचाच.

आमच्याकडची सगळ्यात नवी क्लार्क म्हणाली, ‘सर, पण हीच यादी कुणाला द्यायची नाही असं सकाळी...’ सगळे हसले. तोही हसला, ‘शाब्बास, हिला बक्षीस द्या’ म्हणाला. आणि मी काय म्हणालो? ‘अगं, ते शिकवायलाच आलेत. दे.’

त्या ‘दे’नं माझी झोप घालवली आहे. अकरा जणांत एकीलाच धडा कळला होता आणि तिला मी गप्प केलं.

नऊ दिवसांनी सभासदांना फोन सुरू झाले. ‘तुमची ठेव अमुक तारखेला संपतेय, रक्कम इतकी, खात्याचे शेवटचे आकडे हे. पैसे थेट बँकेत जमा करायला ही लिंक.’ एवढं बरोबर सांगणाऱ्यावर कोण संशय घेईल? तिघांच्या बँक खात्यांतून पैसे गेले: १,२०,०००, ४९,००० आणि १८,५००. पहिली रक्कम एका निवृत्त शिक्षिकेची. १८,५०० वाल्यांनी तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावला, त्यांची रक्कम गोठवली गेली. बाकी दोघांनी ‘आधी संस्थेत विचारून येऊ’ म्हणून दुसरा दिवस उजाडू दिला. पैसे गेले की आधी १९३०, मग बाकीची चौकशी.

आता माझी वरात. पोलीस ठाण्यात म्हणाले, प्रशिक्षण तर झालं ना, मग हा पैशांचा दिवाणी वाद. सायबर शाखेत म्हणाले, हद्द तुमच्या ठाण्याची. परत ठाण्यात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवावी लागते, हे मी मोबाइलवर उघडून दाखवलं, तर हवालदार म्हणाले, ‘मग तुम्हीच लिहा की.’ सहकार खात्याच्या कार्यालयात अर्ज आवक झाला, शिक्का बसला, संपलं. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जावं तर ती योजना पतसंस्थांना लागू नाही. पाच चकरा, तीन अर्ज, आणि प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न: ‘यादी तुम्हीच दिली ना?’ हो, मीच दिली! म्हणून तो चोर साव होतो का?

ज्या बँकेत त्याचं खातं होतं तिथंही गेलो. काउंटरवरच्या मुलीनं नम्रपणे सांगितलं, ‘खातेदाराची माहिती आम्ही देऊ शकत नाही सर.’ तिचं प्रशिक्षण चांगलं झालंय.

आणखी दोन गोष्टी. बाहेरचा पेन ड्राइव्ह ऑफिसच्या मशीनला लावू देऊ नका, मग आणणारा कुणी का असेना. आणि आमच्यासारखी यादी फुटलीच असेल तर लपवू नका. अध्यक्ष म्हणाले ‘बोभाटा नको’, मी ऐकलं, आणि सभासदांना मेसेज चार दिवस उशिरा गेला. १,२०,००० त्याच चार दिवसांत गेले. शिक्षिकाबाईंना मी अजून हे सांगितलेलं नाही. त्या दर सोमवारी येतात, विचारतात, आणि मी म्हणतो, ‘तपास चालू आहे, बाई.’

अकरा प्रमाणपत्रं फ्रेम करून भिंतीवर लावलेली आहेत. काढतो म्हटलं, तर अध्यक्ष म्हणाले, तपासणी होईपर्यंत राहू द्या.