श्टुटगार्ट की पुणे: परतायचं का, हे ठरवणाऱ्यांसाठी

जर्मनीत नोकरी पक्की आहे, कायम निवासाचा परवाना हातात आहे, घरात काही कुरबुर नाही, तरी रविवारी दुपारी सगळी दुकानं बंद असताना ‘आपण इथले नेमके कोण?’ हा प्रश्न डोकं वर काढतो. अशा अवस्थेतल्यांसाठी हे लिहितो आहे. मी श्टुटगार्टजवळ राहून वाहन उद्योगात काम केलं आणि २०२४ च्या जूनमध्ये कुटुंबासह पुण्यात परत आलो. पगार, घरभाडं, विमानाची तिकिटं यांची कोष्टकं तुम्ही केव्हाच मांडली असतील, म्हणून ती पुन्हा मांडत नाही.

आधी श्टुटगार्टची बाजू, कारण ती खरोखर भक्कम आहे. वर्षाला तीस दिवसांच्या आसपास रजा मिळते आणि ती घेताना कुणाला कारण सांगावं लागत नाही. आजारी पडलात तर सहा आठवडे पूर्ण पगार. संध्याकाळी साहेबाचा फोन येत नाही. चाकणला साधारण तेच काम करताना माझा दिवस उशिरा संपतो. जर्मनीतली सकाळ म्हणजे आपली दुपार, त्यामुळे तिकडच्या सहकाऱ्यांसोबतच्या बैठका इथे संध्याकाळवर जातात, आणि त्यानंतर नाशिक फाट्यापर्यंतची वाहतूक असतेच. हा त्रास ‘सवय होईल’ म्हणून सोडून देऊ नका. मला अजून सवय झालेली नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. आम्ही परतलो आणि सहा-सात महिन्यांतच, २०२५ च्या जानेवारीत, सिंहगड रस्त्याच्या भागात गीयाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. संशय दूषित पाण्यावर होता. आमचं घर त्या भागात नाही, तरी त्या आठवड्यांत पाण्याचा प्रत्येक ग्लास मुलीच्या हातात देताना मी थबकत होतो. तिकडे नळाला तोंड लावून पाणी पिणाऱ्या मुलीला इथे ‘बाहेरचं पाणी नको’ हे रोज सांगावं लागतं.

आणि फुटपाथ. श्टुटगार्टला पहिलीतली मुलं दप्तर पाठीला लावून एकटी शाळेत जातात. आमची मुलगीही जायची आणि तिला त्याचा फार अभिमान होता. पुण्यात ती शाळेच्या बसने जाते. रस्ता ओलांडायला मी तिला एकटी सोडत नाही. तिचं ते स्वातंत्र्य आम्ही काढून घेतलं आणि त्याची भरपाई करेल असं पुण्यात मला अजून काही सापडलेलं नाही. मुलं त्या वयाची असतील तर हा मुद्दा वजनात धरा.

इतकं सगळं तिकडच्या पारड्यात असूनही आम्ही परतलो. त्यामागे एकच खटकणारी गोष्ट होती. ती तुम्हाला कदाचित क्षुल्लक वाटेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जर्मन यंत्रणा तुम्हाला सगळं कळवते. टपालपेटी कधी रिकामी नसते: कर कार्यालयाचं पत्र, आरोग्य विम्याचं पत्र, रेडिओ-टीव्हीच्या महिना १८.३६ युरो वर्गणीचं पत्र. दाराला केरवोखेची पाटी अडकवलेली दिसली की या आठवड्यात जिना झाडायची पाळी आपली, हेही कुणी न बोलता समजतं. नियम, तारीख, रक्कम यांतलं काही तुमच्यापासून लपत नाही. पण समोरच्या घरातला मुलगा महिनाभर दिसला नाही, तर तो शिकायला गेला, आजारी आहे की रागावून घर सोडून गेला, हे तुम्हाला कुणी सांगत नाही. तुम्हीही विचारत नाही, कारण विचारण्याची तिथे रीत नाही. खालच्या मजल्यावरच्या आजी तेवढ्या जिन्यात थांबून बोलायच्या, पण अस्सल श्वेबिश बोलीत. पुण्यात माक्स म्युलर भवनात शिकलेलं माझं जर्मन त्यांच्या तिसऱ्या वाक्याला मागे पडायचं. तरीही त्या इमारतीबद्दल मला जे काही ठाऊक होतं ते त्यांच्याकडूनच.

हे एवढंच असतं तर मी राहिलो असतो. अडचण दुसऱ्या टोकाला होती. पुणंही मला काही सांगेनासं झालं होतं.

बाबा नळस्टॉपजवळ स्कूटरवरून पडले आणि मनगटाला प्लॅस्टर घालावं लागलं. प्लॅस्टर निघेपर्यंत ते व्हिडिओ कॉलवर नेहमीसारखे गप्पा मारत होते, हात चौकटीच्या खाली ठेवून. पुढे मावशीच्या बोलण्यात सहज उल्लेख आला तेव्हा मला कळलं. आईला विचारलं तर म्हणाली, “तू तिथून काय करणार होतास? उगाच तुझ्या जिवाला घोर.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तिथून मी खरंच काही करू शकलो नसतो.

त्यानंतर प्रत्येक कॉल मला तपासणीसारखा वाटू लागला. आई बोलत असताना माझं लक्ष तिच्या मागच्या टेबलावर: औषधांची पाकिटं वाढली आहेत का, बाबा खुर्चीतून उठताना कशाला धरतात. वरच्या मजल्यावरच्या काकांना मी सांगून ठेवलं की काही झालं तर मला कळवा. त्यांनी हो म्हटलं, आणि पुढच्या वेळी तेही गप्प राहिले, कारण आईने त्यांनाही तेच सांगितलं होतं. आमचं तरी कुठे वेगळं होतं? मुलीला न्यूमोनिया झाला तेव्हा ती रुग्णालयातून घरी आल्यावरच आम्ही पुण्याला सांगितलं. दोन्हीकडे माया होती आणि दोन्हीकडे फक्त सांगण्याजोगं तेवढंच सांगितलं जात होतं. चुलत बहिणीचं लग्न मोडलं, वाड्यातले जुने शेजारी गेले, आत्याने घर विकायला काढलं, हे सगळं मला पुढच्या भेटीत कळायचं, आणि तेही ‘अरे, तुला माहीत नाही?’ अशा आश्चर्याच्या सुरात.

परदेशात मुळं धरत नाहीत असं आपण म्हणतो तेव्हा भाषा, हवा, सण यांच्यावर बोट ठेवतो. माझा अनुभव असा, की सणांची उणीव भरून निघते. गणपती तिकडेही बसतात, मंडळं आहेत, दिवाळीला हॉल भरतो. रोजच्या बारीकसारीक बातम्या आपल्यापर्यंत वेळेवर येणं मात्र कुठल्याही मंडळाला भरून काढता येत नाही. आता मला नको इतकं कळतं. गीझर बिघडला, दूधवाला दोन दिवस आला नाही, सोसायटीच्या सभेत कोण कुणाला काय म्हणालं. कधीकधी कंटाळा येतो. पण बाबांची साखर वाढली तर त्याच दिवशी कळतं आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलेला असतो.

‘मग आईवडिलांनाच तिकडे न्यायचं’ हा पर्याय आम्हीही तपासला. १ मार्च २०२४ पासून जर्मनीने कुशल कामगारांच्या आईवडिलांना निवास परवान्याची वाट खुली केली, पण ज्यांचा परवाना पहिल्यांदा त्या तारखेला किंवा नंतर निघाला त्यांच्यासाठीच. आमचा त्याआधीचा होता. तुम्ही नंतर गेला असाल तर जरूर विचारा. फक्त उतारवयातल्या माणसाला तिथला पुरेसा आरोग्य विमा मिळवणं हीच मोठी पायरी आहे. एरवी उरतो तो भेटीचा शेंगेन व्हिसा, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. आमच्याकडे आई-बाबा त्यावर येऊन गेले. उन्हाळ्यात आले तेव्हा आनंदात होते. नोव्हेंबरात साडेचार-पाचला अंधारून आल्यावर दिवसभर बोलायला कुणी नाही, म्हणून बाबा खिडकीशी बसून राहायचे. त्यांना तिथे आणणं म्हणजे आपल्याला वाटतं तेच तुटलेपण त्यांच्या वयात त्यांना देणं, असं मला वाटलं. सगळ्यांचं तसं होत नसेल.

माझं कारण कुणाकुणाला लागू पडणार नाही, हेही सांगायला हवं. भाऊ किंवा बहीण आईवडिलांजवळ असेल आणि तुमच्याशी मोकळेपणाने बोलत असेल, तर माझ्या युक्तिवादाचं निम्मं वजन गेलं. घर कोल्हापूरला किंवा नागपूरला आणि नोकरी पुण्यात मिळणार असेल, तरी नीट विचार करा. रात्रीच्या गाडीने पोचता येतं हे खरं, पण ‘उगाच तुला घोर नको’ हे वाक्य पुण्यापर्यंतही येतं. आणि काहींची मुळं जर्मनीत खरोखर धरतात. ती बहुतेक वेळा फेराइनमधून धरतात, म्हणजे तिथल्या हौशी संस्थांमधून: गायनवृंद, फुटबॉल क्लब, गावातलं स्वयंसेवी अग्निशमन दल. माझा एक मित्र १८८८ पासून चालत आलेल्या श्वेबिशर आल्बफेराइनमध्ये डोंगर चढायला जाऊ लागला. आज गावात कुणाच्या घरी काय चाललंय हे त्याला माहीत असतं, लोक त्याला अडचणीला हाक मारतात. तो परतणार नाही आणि मी त्याला परत ये म्हणणारही नाही. तुम्ही अजून असं काही करून पाहिलं नसेल तर निर्णयाआधी एक वर्ष त्याला द्या.

आता पासपोर्टचं. आम्ही निघालो त्याच महिन्यात, २७ जून २०२४ ला, जर्मनीचा नवा नागरिकत्व कायदा लागू झाला: आठऐवजी पाच वर्षांत अर्ज, आणि जुनं नागरिकत्व सोडायची जर्मनीची अट नाही. पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे आपला पासपोर्ट जातोच आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठी असलेलं ओसीआय कार्ड घ्यावं लागतं. त्यावर मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पासपोर्ट घेऊन मगच परतू, असं अनेकजण म्हणतात. पाच वर्षं पुरी व्हायला सहा महिने-वर्ष उरलं असेल तर थांबण्यात अर्थ आहे. तीन-चार वर्षं उरली असतील तर मला तो निर्णय पुढे ढकलण्याचा मार्ग वाटतो. तेवढ्या काळात मुलं आणि आईवडील दोघंही वयाने पुढे सरकतात. नुसत्या कायम निवास परवान्यावर विसंबून ‘करून बघू, जमलं नाही तर परत जाऊ’ असं ठरवत असाल, तर तो सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिल्यावर साधारणपणे रद्द होतो. निघण्याआधी परकीय नागरिक कार्यालयाकडून लेखी मुदत मागून घ्या.

पेन्शनचं थोडक्यात: जर्मनीत पेन्शनची वर्गणी ६० महिने भरली असेल तर ते पैसे परत मिळत नाहीत, पण निवृत्तीच्या वयाला पेन्शन भारतात मिळू शकते. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार २०१७ पासून लागू आहे, त्यामुळे दोन्हीकडची वर्षं पात्रतेसाठी एकत्र धरता येतात. कागद जपून ठेवा. भारतातला आरोग्य विमा परतण्याआधीच सुरू करा, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं आणि ते घड्याळ लवकर सुरू झालेलं बरं.

मुलांच्या बाबतीत मी मात्र ठाम आहे: परतायचं तर चौथीच्या आधी. श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये चौथीनंतर मूल गिम्नाझियममध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या वाटेवरच्या शाळेत, जाणार की दुसऱ्या प्रकारच्या शाळेत, हे ठरतं, आणि त्या वर्षाचा ताण घेतल्यावर मुलाला तिथून उपटणं फार जड जातं. इकडे २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत, कुठलंही बोर्ड असो, मराठी सक्तीची आहे. आमची मुलगी घरी मराठीच बोलायची, पण जोडाक्षरं वाचताना अडखळायची. सुरुवातीचे महिने ती रोज संध्याकाळी आजीजवळ बसून वाचत होती. सहावी-सातवीत आलेल्या मुलांना हीच गोष्ट किती अवघड जाते हे तिच्या शाळेत पाहतो आहे.

महिना ठरवताना दोन हिशेब एकमेकांविरुद्ध जातात. कराच्या दृष्टीने ऑक्टोबरचा पहिला आठवडा उलटल्यावर येणं सोयीचं, कारण मग त्या आर्थिक वर्षात भारतातले दिवस १८२ च्या आत राहतात आणि बहुतेकांना अनिवासी दर्जा टिकवता येतो. पुढची साधारण दोन वर्षं ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नाही’ या गटात परदेशातल्या उत्पन्नाला सवलत मिळते. त्यासाठी सल्लागाराला एकदा पैसे द्याच. शाळा मात्र जूनमध्ये सुरू होते. ऑक्टोबरात आलेलं मूल दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर वर्गात जातं, तेव्हा मैत्र्या जमून गेलेल्या असतात. आम्ही जून निवडला. कर थोडा जास्त गेला, पण मुलगी पहिल्या दिवशी सगळ्यांबरोबर नव्या वर्गात गेली, आणि आजही ठरवायचं झालं तर जूनच निवडेन.